फोर्थच्या काठचं होपटन

एडिंबरोहून आगगाडीनं डालमेनीला उतरलं की साऊथ क्वीन्सफेरी गावातून थेट फोर्थच्या खाडीवर येता येतं. तिथून होपटन हाऊसला बहुतेक लोक मोटारीनं जातात. मी मात्र किनाऱ्यालगतचा रस्ता धरला. मागे १८९०चा तांबडा रेल्वेपूल, डोक्यावर आधी १९६४चा झुलता पूल आणि मग २०१७चा नवा. पोर्ट एडगरचा धक्का मागे पडला, वाहनांची घरघर विरली आणि मोठाली झाडं सुरू झाली. झाडं संपतात तिथं हिरवळीच्या पलीकडे सबंध वाडा एकदम समोर येतो.

मध्यभागी उंच इमारत, तिच्या दोन्ही अंगांना आत वळत गेलेल्या खांबांच्या ओळी आणि टोकांना घुमट्या मिरवणारी दोन उपगृहं. ही पूर्वेची बाजू वास्तुविशारद विल्यम अ‍ॅडमची. १७२१मध्ये त्यानं काम हाती घेतलं, १७४८मध्ये तो वारला, आणि जॉन, रॉबर्ट व जेम्स या मुलांनी ते पुढे नेलं. पण अ‍ॅडमनं हे घर मुळातून बांधलेलं नाही. आधीच्या एका घरापुढे त्यानं ही भव्य दर्शनी बाजू उभी केली. ते मूळ घर पाहायचं तर वळसा घालून पश्चिमेला जावं लागतं. तिथं सर विल्यम ब्रूसची इमारत आहे, १६९९मध्ये सुरू झालेली. आटोपशीर, शांत, प्रमाणबद्ध. पूर्वेची बाजू पाहुण्याला थक्क करते. पश्चिमेची बाजू पाहताना इथं माणसं राहत होती हे पटतं. माझं मन ब्रूसकडेच ओढ घेतं.

हे घर बांधायला काढलं ते एका विधवेनं. १६८२च्या मे महिन्यात ‘ग्लॉस्टर’ ही युद्धनौका नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर आदळून बुडाली. जहाजावर ड्यूक ऑफ यॉर्क होता, पुढे राजा झालेला जेम्स. तो वाचला, पण त्याच्याबरोबर असलेला या घराण्यातला जॉन होप बुडाला. होपनं होडीतली आपली जागा ड्यूकला दिली, अशी घराण्यात सांगोवांगी कथा आहे. मागे राहिली त्याची बायको मार्गारेट होप आणि तान्हा मुलगा चार्ल्स. त्या मुलासाठी मार्गारेटनं ब्रूसला बोलावलं. १७०३मध्ये चार्ल्स होपटनचा पहिला अर्ल झाला.

पैसा आला शिशातून. १६३८मध्ये या घराण्यातल्या जेम्स होपनं अ‍ॅन फाउलिसशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर दक्षिणेच्या डोंगरातल्या लेडहिल्सच्या खाणी घरात आल्या. वाड्यात फिरताना हे सारखं मनात ठेवावं लागतं, कारण इथं खाणीची धूळ कुठंही दिसत नाही. लेडहिल्सच्या खाणकामगारांनी १७४१मध्ये वर्गणीवर चालणारं वाचनालय काढलं. ते ब्रिटनमधलं अशा प्रकारचं सर्वांत जुनं वाचनालय मानलं जातं. होपटनच्या इतिहासात या वाचनालयाला मी अर्लच्या दिवाणखान्याइतकंच मोठं स्थान देईन.

आत ब्रूसचा अष्टकोनी जिना आहे. अलेक्झांडर आयझटनं कोरलेल्या लाकडातली फुलंफळं वर चढताना हाताशी येतात, वरून घुमटातला उजेड उतरतो. मी तिथं बराच वेळ रेंगाळलो. अ‍ॅडमच्या दालनांत सोनेरी नक्षीची तख्तपोशी आणि रेशमी भिंती आहेत. तांबड्या दिवाणखान्यातल्या संगमरवरी शेकोटीवर शिल्पकार राइसब्रॅकनं घडवलेल्या मूर्ती आहेत. पिवळ्या दिवाणखान्यात २९ ऑगस्ट १८२२ रोजी चौथ्या जॉर्जनं चित्रकार हेन्री रेबर्नला ‘सर’ केलं. राजाच्या या स्कॉटलंड दौऱ्याचा थाटमाट वॉल्टर स्कॉटनं मांडला होता. होपटनचा पाहुणचार घेऊन राजा पोर्ट एडगरहून जहाजात बसला; सकाळी मी त्याच धक्क्यावरून चालत आलो होतो.

पण मी एवढ्या लांब आलो होतो ते दुसऱ्याच एका माणसासाठी. व्हिक्टर होप, लिनलिथगोचा दुसरा मार्क्विस, १८८७मध्ये याच घरात जन्मला आणि १९३६ ते १९४३ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याआधी त्यानं हिंदुस्थानातल्या शेतीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनचं अध्यक्षपद सांभाळलं होतं. खेडी त्याला अगदीच अनोळखी नव्हती. तरीही ३ सप्टेंबर १९३९ला हिंदी लोकप्रतिनिधींना न विचारता त्यानं देशाला युद्धात ओढलं. त्याचा निषेध म्हणून काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, त्यात मुंबईचं बाळासाहेब खेरांचंही होतं. पुढे १९४२मध्ये मुंबईत गवालिया टँकवरच्या ‘छोडो भारत’ ठरावानंतर उजाडायच्या आत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथून त्यांनी लिनलिथगोला पत्रं लिहिली, आणि फेब्रुवारी १९४३मध्ये एकवीस दिवसांचं उपोषण केलं. पुण्यातला तो राजवाडा लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला या घराचा उंबरठा सहज ओलांडता येत नाही. ब्रूसच्या लाकडी भिंतींच्या खोल्या मला मनापासून आवडल्या, आणि त्याच खोल्यांत वाढलेल्या माणसाबद्दलचा राग तसाच राहिला. दोन्ही खरं आहे, आणि एकाच्या भरात दुसरं विसरणं मला पटत नाही.

१९७४पासून हे घर, आतल्या मुख्य वस्तू आणि भोवतालची जमीन एका विश्वस्त संस्थेकडे आहे. उन्हाळ्यात कुणीही तिकीट काढून आत जाऊ शकतं, गच्चीवरही चढू शकतं. तिथून तिन्ही पूल एका रांगेत दिसतात. जे जातील त्यांनी पूर्वेच्या हिरवळीवर छायाचित्रं काढून परत फिरू नये, पश्चिमेची बाजू पाहावी. आणि जाण्याआधी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल वाचून जावं. लाखो माणसं मेली, पण लिनलिथगो त्या काळात बंगालला गेला नाही. ऑक्टोबरमध्ये तो मायदेशी परतला. त्याच्या जागी आलेला वेव्हेल सूत्रं हाती घेतल्यावर आठवड्याभरात कलकत्त्याला पोचला.