बेळगाव-निपाणीची म्हणून एक परंपरा

कॉनराड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार मराठी वाचकाला माहीत झाला तो जी. ए. कुलकर्णींमुळे. ओहायोच्या जंगलात पहिली वस्ती करणाऱ्या माणसांवरच्या त्याच्या तीन कादंबऱ्या जीएंनी 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. सीमाभागातलं मराठी साहित्य शिकवताना मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. अमेरिकेत राज्याच्या नावानं साहित्य वाचायची पद्धत आहे. फॉकनर, युडोरा वेल्टी आणि रिचर्ड राइट ही स्वभावानं तीन दिशांची माणसं, पण मिसिसिपीची म्हणून एकत्र अभ्यासली जातात. ज्यांनी ओहायो मराठीत आणलं ते जीए चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. त्यांना कुठल्या राज्याच्या पानावर घ्यायचं?

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हा मुलूख महाराष्ट्रात यावा म्हणून पुढं झालेला लढा सगळ्यांना ठाऊक आहे. साहित्याच्या इतिहासात काय झालं ते मात्र फारसं कुणी बोलत नाही. कर्नाटकचा वाङ्मयेतिहास कन्नडचा, तिथं हे लेखक येणार नाहीत हे समजू शकतं. महाराष्ट्रानं त्यांना घेतलं, पण सुटं सुटं. जीए नवकथेच्या प्रकरणात, इंदिरा संत कवयित्रींच्या प्रकरणात, महादेव मोरे ग्रामीण साहित्यात. एकाच जिल्ह्याच्या मातीतून ही माणसं उगवली, याची नोंद जन्मगावाच्या रकान्यापुरती राहिली. ही एक सलग परंपरा आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तिचा पाया जुना आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. बाबूराव ठाकुरांचा 'तरुण भारत' 1919 चा. मराठी साहित्य संमेलन इथं तीनदा भरलं: 1929 साली शि. म. परांजपे अध्यक्ष होते, 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकर आणि 2000 साली य. दि. फडके. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो 1946 च्या याच बेळगावच्या संमेलनात. ज्या गावानं तो ठराव केला तेच गाव महाराष्ट्राबाहेर राहिलं, हे दुःख इथल्या प्रत्येक घरात आहे.

आणि तरीही इथल्या श्रेष्ठ लेखनात हा सीमावाद जवळजवळ नाही. इंदिराबाईंच्या 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ'मध्ये अंगण आहे, पाऊस आहे, गेलेल्या माणसाची न सरणारी सोबत आहे. 1946 मध्ये पती ना. मा. संत गेले आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य बाईंनी बेळगावात शिकवत, मुलं वाढवत, लिहीत काढलं. 'गर्भरेशीम'ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित, आजोळी दत्तक गेलेले. त्यांच्या कथांचा बालनायक लंपनही आजी-आजोबांकडेच राहतो. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या चारही पुस्तकांत मराठी-कन्नड शेजार इतका सहज आहे की तो वेगळा दाखवावा लागत नाही. जीएंच्या 'माणसे: अरभाट आणि चिल्लर'मधलं गाव आणि पु. ल. देशपांडेंच्या 'गणगोत'मधले रावसाहेब यांच्याशेजारी लंपन ठेवा, बेळगावची हवा पुरी होते.

पण बेळगाव म्हणजे सगळा सीमाभाग नव्हे. निपाणीची हवा वेगळी, आणि तंबाखूच्या दिवसांत ती नाकाला झोंबते. वखारीत बायका चाळण घेऊन बसतात. विडीच्या तंबाखूची पूड, काडी, धूळ वेगळी करायची. नाकातोंडाला पदर बांधला तरी संध्याकाळी थुंकी पिवळी पडते. 1982 साली 'युगांतर' या स्त्रियांच्या गटानं वखारीतल्या या बायकांवर माहितीपट केला. त्याच्या आदल्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता आणि 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला होता.

या गावाला महादेव मोरे भेटले. मोटार मेकॅनिक, टॅक्सी ड्रायव्हर आणि पुढं पिठाच्या गिरणीचे मालक. दळण घालायचं, जात्यावरची पाळी संपेपर्यंत कागद पुढं ओढायचा, असं त्यांचं लिहिणं. ड्रायव्हर, क्लीनर, वखारीतल्या बायका, देवदासी, हमाल यांना त्यांनी लांबून पाहिलं नाही. मोऱ्यांचा पोटापाण्याचा व्यवहारच या माणसांशी होता. म्हणून त्यांच्या कथेत कणव आहे आणि कीव कुठंच नाही. 'काय करालास?' असं विचारणारी, कन्नडच्या वळणानं वाक्य फिरवणारी इथली बोली त्यांनी नमुना म्हणून वापरली नाही, निवेदनाच्या रक्तात मिसळली. माझ्या मते 'एकोणिसावी जात' आणि 'झोंबड' लिहिणारा हा लेखक मराठीतल्या मोठ्या कथाकारांपैकी एक आहे. 2024 साली ते गेले. त्यांच्या हयातीत पुण्या-मुंबईच्या समीक्षेनं त्यांना फार कमी जागा दिली, याची मला आजही चीड येते.

लेखनात न उतरलेल्या सीमालढ्याचा वारसा पुढं चालवला तो खेड्यांनी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, कारदगा इथं थंडीच्या दिवसांत साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, भजनी मंडळ पुढं, शाळेची पोरं मागं, बायकांच्या डोक्यावर तुळस. गावाच्या वर्गणीतून मांडव उभा राहतो. एखाद्या कवीला इतका शांत श्रोता शहरात मिळत नाही, हे मी अनेक मांडवांत पाहिलं आहे.

या संमेलनांच्या पुस्तक-स्टॉलवर मी दरवर्षी महादेव मोरे शोधतो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परततो. वर्गात त्यांची कथा शिकवायची तर झेरॉक्स वाटावी लागते. म्हणून प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे: मोऱ्यांचे निवडक कथासंग्रह नव्यानं छापा. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या ग्रंथालयात त्यांचं एखादं जुनं पुस्तक असेल तर ते या दिवाळीत घरी आणून वाचा. रद्दीच्या यादीत त्याचं नाव दिसलं तर ते तेवढं वाचवा.