शनिवार होता म्हणून

माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना वाटतं, मी आयुष्यभर बातम्याच खरडल्या. तसं नाही. मध्ये दोन वर्षं मी मास्तर होतो, आणि तेही परदेशात. परदेश म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दुबई नाहीतर अमेरिका येते. माझा परदेश म्हणजे नेपाळ. काठमांडूला लागून असलेलं भक्तपूर.

पत्रकारितेचा डिप्लोमा हातात होता, पण ज्या पेपरात होतो त्याची आपल्याकडची आवृत्ती बंद पडली आणि पाच महिन्यांचा पगार बुडाला. पुण्यात शिकताना एक नेपाळी मित्र खोलीत सोबत होता. तो म्हणाला, आमच्या ओळखीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर पाहिजे, ये. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीची सीमा पायी ओलांडायची आणि पुढे रात्रभर बस. खासगी इंग्रजी शाळेला तिथे सरसकट ‘बोर्डिंग’ म्हणतात, मग तिथे एकही पोरगं राहायला नसलं तरी. पगार नेपाळी रुपयांत. आपले १०० म्हणजे तिथले १६०, त्यामुळे आकडा ऐकायला बरा वाटायचा.

सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवायचो. लिपी आपलीच, देवनागरी. पोहे तेच, फक्त नाव चिउरा. पोरंही आपल्यासारखीच, पाठांतराला पक्की आणि बोलायला लाजणारी. जुन्या वस्तीत एका नेवार कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. घरमालकाला तिकडे ‘घरबेटी’ म्हणतात. घरबेटी आमा म्हणजे साठीची बाई, मला रोज विचारायची, सर, भात खाल्ला का?

ते घर विटांचं होतं, पण विटा मातीत बसवलेल्या. आत लाकडी अरुंद जिना, मान वाकवून उतरावा लागे असा. गल्ली एवढी चिंचोळी की समोरच्या खिडकीतला माणूस हात लांबवून मीठ देईल.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळात तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा भरायची. नवीन वर्ग नुकतेच सुरू झालेले. मी गच्चीवर कपडे धूत होतो. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी होती. हे नंतर कळलं, तेव्हा घड्याळ बघायची शुद्ध नव्हती.

आधी आवाज आला. खालून जड ट्रक गेल्यासारखा, पण त्या गल्लीत ट्रक येऊच शकत नाही. मग बादलीतलं पाणी एका बाजूने उसळून बाहेर पडलं. मी उभा राहायला गेलो आणि गुडघ्यावर आपटलो. गच्चीचा लोखंडी कठडा धरला. समोरच्या घराची भिंत वाऱ्याने पडदा फुगावा तशी बाहेर आली, आणि मग ती भिंत राहिलीच नाही. कावळे एकदम आभाळभर झाले. हादरे साधारण मिनिटभरच होते म्हणतात. त्या मिनिटात मला देव आठवला नाही, घर आठवलं नाही. एकच गोष्ट डोक्यात आली: हे मला माहीत आहे.

कारण मी आपल्या उमरग्याचा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सातवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणूक बघून उशिरा झोपलेलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बापाने दंडाला धरून ओढत अंगणात आणलं होतं आणि ओरडत होता, “भिताडापासून लांब हो, भिताडापासून लांब हो!” बावीस वर्षांनी भक्तपूरच्या गच्चीवर मला तोच आवाज ऐकू आला.

हादरे थांबल्यावर जिना उतरलो. दोन पायऱ्या जागेवर नव्हत्या. घरबेटी आमा नातवाला पोटाशी धरून दाराच्या चौकटीत बसली होती. तिला उठवून गल्लीत आलो, तर गल्ली दिसेना. पिवळी धूळ आणि विटांचा ढीग. पायाखाली लोकांची भांडी, गाद्या, देवाच्या मूर्ती.

त्या ढिगापाशी माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा हाताने विटा उपसत होता. मला बघून एवढंच म्हणाला, “सर, बा भित्र हुनुहुन्छ.” बाबा आत आहेत.

आम्ही सात-आठ जण लागलो. फावडं नाही, पहार नाही. विटा हातोहात मागे द्यायच्या. अर्ध्या तासाने दुसरा मोठा धक्का बसला. सगळे चौकाकडे पळालो. उरलेल्या भिंती डोक्यावर झुलत होत्या. खरं सांगतो, पहिल्या धक्क्यापेक्षा मला त्या दुसऱ्याची भीती जास्त वाटली. पहिल्या वेळी काय होतंय ते समजायला वेळच नव्हता. दुसऱ्या वेळी सगळं समजत होतं. जमीन थांबली की परत ढिगाकडे, हलली की परत चौकात, असं किती वेळा झालं मोजलं नाही. दीड तासाने त्या मुलाचे बाबा निघाले. पाय मोडलेला, तोंडात माती, पण जिवंत. पलीकडच्या घरातली दोन माणसं मात्र संध्याकाळी निघाली, ती चादरीतच.

त्या रात्री पाऊस पडला. मोकळ्या जागेत एका ताडपत्रीखाली आम्ही वीसेक जण. कोरडे नूडल्स आणि चिउरा वाटून खाल्ले. घरी फोन लागला तो दुसऱ्या दिवशी. आई रडली नाही. तिने विचारलं, “भिताडाजवळ झोपू नगंस ना?”

रविवारी सकाळी शाळा बघायला गेलो. इमारत लांबून उभी दिसत होती. पण सातवीच्या वर्गाची बाहेरची भिंत आत पडली होती, बाकांवर. मी बाक मोजले. अकरा बाक विटांखाली होते. एका बाकावर तीन पोरं बसायची. एका फळीच्या टोकाला कोणाची तरी पाण्याची बाटली तशीच लटकलेली, शुक्रवारी विसरलेली.

अकरा त्रिक तेहेतीस. शनिवार नसता तर.

तुम्हाला भीती म्हणजे काय ते सांगायचं असेल, तर मी गच्चीवरचा प्रसंग सांगत नाही. हा हिशेब सांगतो. त्या भूकंपात नेपाळात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. हजारो शाळांच्या इमारती पडल्या किंवा वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत. त्या दिवशी कामाचा वार असता तर मेलेल्यांत लेकरं किती असती, हा विचार तिथले लोक आजही बोलून दाखवतात.

आता पत्रकार म्हणून दोन गोष्टी.

एक. भारतीय हवाई दलाची विमानं मदत घेऊन त्याच दिवशी काठमांडूला उतरली, लोकांना त्याचं मोल होतं. पण पाठोपाठ आपले चॅनेलवाले आले. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईच्या तोंडापुढे माईक धरून, तुम्हाला कसं वाटतंय. मे महिन्याच्या सुरुवातीला नेपाळी लोकांनी ट्विटरवर ‘गो होम इंडियन मीडिया’ असा हॅशटॅग चालवला. मी ताडपत्रीखाली बसून तो वाचत होतो. शेजारी बसलेल्या एकाने मला विचारलं, सर, तुम्ही पण आधी हेच काम करायचात ना? त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. तेव्हापासून माझा नियम आहे: मयताच्या दारात आधी माणूस म्हणून उभं राहायचं, वही नंतर.

दोन. अफवा. आज रात्री अमुक वाजता याहून मोठा येणार, नासाने सांगितलंय, असे मेसेज रोज फिरायचे. भूकंपाची वेळ आधी सांगता येईल असं शास्त्र जगात कुठेच नाही. १२ मे ला ७.३ चा मोठा धक्का पुन्हा आला, तो मात्र कोणत्याही मेसेजात नव्हता. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडे जमीन हलली, तेव्हा आपल्या ग्रुपवर हेच मेसेज मराठीत आले. पाठवणाऱ्यांत शिकलेली माणसं होती.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा. नेपाळचा ७.८. ऊर्जेच्या हिशेबात नेपाळचा दोनशे पटींहूनही मोठा. तरी आपल्याकडे आठ हजारांवर माणसं गेली, तिकडे नऊ हजारांच्या आसपास. एवढ्या लहान भूकंपात एवढी माणसं का गेली? पहाटेची वेळ होती हे एक कारण. दुसरं कारण आपल्या म्हाताऱ्यांना विचारा: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. सास्तूर तेव्हा आपल्याच तालुक्यात होतं, तिथल्या ढिगाऱ्यांतून माणसं काढणारे अजून आपल्यात आहेत. भूकंपाने माणूस मरत नाही, घराने मरतो. आणि गंमत बघा, १९९३ आधीच्या सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो झोन तीनमध्ये गेला. नकाशा बदलायला हजारो माणसं जावी लागली.

नेपाळात एक गोष्ट चांगली झाली होती. काठमांडूच्या खोऱ्यातल्या काही शाळा भूकंपाआधीच मजबूत करून घेतल्या होत्या, जुन्याच भिंतींना लोखंडी जाळी आणि सिमेंटचे पट्टे बांधून. त्या उभ्या राहिल्या. लोक तिथे आसऱ्याला गेले. म्हणजे हे होऊ शकतं, आणि नवी इमारत पाडून बांधण्यापेक्षा स्वस्तात होऊ शकतं.

आपल्याकडे किल्लारीनंतर ५२ गावं नव्याने वसवली. पण आज गावोगावच्या शाळांचं काय? कुठे भिंतीला आरपार भेग, कुठे स्लॅबची सळई उघडी, कुठे त्याच स्लॅबवर वरून पाण्याची टाकी. शाळा भरते ती वर्षातले दोनशेच्या वर दिवस. शनिवारच्या भरवशावर किती दिवस चालायचं?

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत फक्त एवढं विचारा:

१. इमारत अभियंत्याने शेवटची कधी तपासली? कागद दाखवा.
२. भेगा आहेत त्या वर्गात पोरं का बसतात?
३. कपाटं भिंतीला पक्की केली आहेत का? दाराबाहेरची वाट मोकळी आहे का?
४. हादरे बसले तर पोरांनी बाकाखाली जायचं, डोकं झाकायचं, थांबल्यावर रांगेने मैदानात यायचं, याचा सराव वर्षातून किती वेळा होतो?

चौथ्याला पैसा लागत नाही. तरी तोच सगळ्यात कमी होतो.

ज्यांच्या पोरांच्या शाळेत भेगा आहेत, त्यांनी फोटो आणि गावाचं नाव मला इनबॉक्स करा. पाठवणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही. यादी करून मी ती स्वतः तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या टेबलावर ठेवीन आणि काय उत्तर मिळालं ते इथेच लिहीन. उत्तर मिळालं नाही तर तेही लिहीन.

फोटो काढताना तेवढं भिताडापासून लांब उभं राहा.