रामदास बोटीचं पान

जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली चाळताना जुलै १९४७ आला की माझा हात अडतो. १७ तारखेच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आषाढाची अवस तोंडावर, म्हणून कितीतरी चाकरमानी गावी निघाले होते. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली. फाळणीच्या बातम्या तर रोजच्याच. त्या गर्दीत रेवस-अलिबागकडच्या घरांतला आकांत किती रकान्यांत मावणार?

निदान तो छापता तरी आला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं, तेव्हा युद्धकाळातल्या सेन्सॉरने मुंबईच्याच पत्रांचं तोंड बांधलं होतं. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटकं भरणाऱ्या कारभाराला मी अपघात म्हणत नाही, तो गुन्हाच! आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक त्यात गेले. शहर डोळ्यांदेखत जळत होतं, आणि लोकांना खरं काय ते सांगायला कुणी नव्हतं.

या फायलींचा कागद आता पापडासारखा झालाय. पान उलटताना कडा तुटतात, घडीवरची अक्षरं गळतात. पुढाऱ्यांची भाषणं पुस्तकांत उरतील. बुडालेल्या माणसांची नावं कुठे असलीच, तर या पानांवर. त्यांच्या प्रती काढून रेवस, अलिबागच्या वाचनालयांत ठेवायलाच हव्यात, आणि तेही कागद तग धरून आहे तोवर.