गप्प कोण बसलंय?

फ्रेंच शिकू लागलो तेव्हा 'स तेर' हे क्रियापद भेटलं. अर्थ, गप्प बसणे. त्यातला 'स' म्हणजे 'स्वतःला'. याच क्रियापदाला 'फेर' जोडलं की 'फेर तेर' होतं, म्हणजे दुसऱ्याला गप्प करणे. शब्दांतला हा फरक मला तेव्हा व्याकरणापुरता वाटला होता.

शांततेवर फ्रेंचांकडे वाक्प्रचार भरपूर आहेत. गप्पा रंगल्या असताना सगळे एकदम थांबले आणि अवघडल्यासारखं झालं, की कुणीतरी म्हणतं, 'अँ नांज पास', एक देवदूत चाललाय. आमच्या घरच्या बोलीत फरिश्ता. 'सिलांस राद्यो' म्हणजे रेडिओवरची शांतता. फोन केले, निरोप धाडले, तरी समोरून उत्तर नाही, तेव्हा हे वापरतात. सैन्याला 'ला ग्रांद म्युएत', म्हणजे 'मोठी मुकी' म्हणतात. 1872 पासून 1945 पर्यंत तिथल्या सैनिकांना मताचा अधिकारच नव्हता.

आणि एक म्हण आहे, 'की न दि मो कोंसां'. जो बोलत नाही, त्याची संमती आहे. आपणही म्हणतोच, मौन म्हणजे संमती. सरकारी कारभारातही हे सूत्र शिरलं आहे. पूर्वी तिथं अर्जाला दोन महिने उत्तर आलं नाही, तर तो सहसा नाकारला असं धरत. 2013 च्या कायद्यानं हे उलटं केलं. आता अनेक अर्जांच्या बाबतीत, अपवाद पुष्कळ असले तरी, सरकारचं मौन हा होकार ठरतो.

पण ही म्हण खोटी पाडणारं पुस्तकही फ्रेंचमध्येच आहे. 1942 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, व्हेर्कोर या टोपणनावानं ज्यां ब्रुलेरनं 'ल सिलांस द ला मेर', म्हणजे 'समुद्राचं मौन', गुपचूप छापलं. एका म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या पुतणीच्या घरात एक जर्मन अधिकारी राहायला येतो. माणूस सभ्य आहे, संगीताचा जाणकार आहे. रोज संध्याकाळी येऊन तो बोलत राहतो. ते दोघे त्याला उत्तरच देत नाहीत. हातात शस्त्र नाही, घरातून हाकलताही येत नाही, तेव्हा न बोलणं हाच त्यांचा नकार असतो.

'पासे सू सिलांस' या वाक्प्रचाराचा अर्थ मात्र वेगळा: एखाद्या गोष्टीचा उल्लेखच टाळणे. 17 ऑक्टोबर 1961 च्या रात्री पॅरिसमध्ये हजारो अल्जीरियन माणसं, फक्त त्यांच्यावरच लादलेल्या संचारबंदीविरुद्ध, शांतपणे रस्त्यावर उतरली. पोलिसांनी त्यांना मारलं, काहींना सेन नदीत फेकलं. अधिकृतपणे मोजकेच मृत्यू सांगितले गेले. इतिहासकार किमान काही डझन सांगतात, काही शंभराहून जास्त. शहरानं सां-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक लावला तो 2001 साली. अल्जीरियातल्या लढाईला कायद्यानं 'युद्ध' म्हणायलासुद्धा 1999 उजाडलं होतं.

त्या मोर्चातल्या अनेकांनी घरीही याबद्दल तोंड उघडलं नाही. पोरांना पुष्कळदा मोठेपणी, बाहेरून कळलं. म्हणीप्रमाणे पाहिलं तर या आईबापांची संमती होती असं म्हणावं लागेल. आता कुणी मौनाला संमती म्हटलं, की मी आधी विचारतो: यांचं क्रियापद कोणतं, 'स तेर' की 'फेर तेर'?