लाकानोचा किनारा : शांत पाण्याची पारख

फ्रान्समधील बोर्दो शहरातून पश्चिमेकडे सुमारे ६० किलोमीटर गेल्यावर पाइन वृक्षांचे अरण्य संपते, वाळूची टेकडी लागते आणि पलीकडे अटलांटिक महासागर एकदम समोर येतो. हे लाकानो-ओसेआँ गाव. जिरोंद नदीच्या मुखापासून आदूर नदीच्या मुखापर्यंत सुमारे २३० किलोमीटर पसरलेल्या वालुकामय किनाऱ्याचा हा एक भाग. येथे १९७९ पासून सर्फिंगच्या स्पर्धा भरतात आणि उन्हाळ्यात सहकुटुंब येणाऱ्यांची दाटी होते.

या किनाऱ्याचे सौंदर्य जितके मोकळे, तितकाच त्याचा धोका झाकलेला आहे. लाटांच्या माऱ्याने किनाऱ्यालगत वाळूचे बांध तयार होतात आणि बांध व किनारा यांच्यामध्ये उथळ डोह साठतो. त्याला तेथे ‘बाईन’ म्हणतात. बांधावरून आत आलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. त्या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहीत. म्हणून नवख्याला तीच जागा सर्वांत शांत व सुरक्षित वाटते आणि तो नेमका तेथेच उतरतो. भरती-ओहोटीनुसार या प्रवाहाचा जोर बदलतो आणि वादळानंतर बांधांची जागाही बदलते. त्यामुळे गतवर्षीची माहिती यंदा उपयोगी पडेलच असे नाही.

यावर खरा उपाय म्हणजे निशाणांचे पालन. वर लाल व खाली पिवळा पट्टा असलेल्या दोन निशाणांमधील जागाच पोहण्यासाठी राखलेली असते. खांबावर हिरवे निशाण असल्यास विशेष धोका नाही, पिवळे असल्यास सावधगिरी हवी आणि लाल असल्यास पाण्यात उतरण्यास मनाई. खांबावर निशाणच नसेल, तर जीवरक्षक पहाऱ्यावर नाहीत असे समजावे. जलक्रीडांसाठी राखलेला भाग काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या निशाणाने दाखवितात. सर्फिंगची फळी घेऊन पोहणाऱ्यांमध्ये शिरू नये. भर उन्हाळ्यातही पाणी साधारण २० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे अंग लवकर गारठते. विहिरीत पोहण्याचा सराव येथे पुरेसा नाही. सर्फिंग शिकायचे तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच.

प्रवाहाने ओढलेच, तर किनाऱ्याच्या दिशेने त्याच्याशी झुंजू नये. त्यात बळ संपते आणि माणूस बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी. प्रवाह मंदावला की किनाऱ्याला समांतर पोहून, लाटा फुटत असतील तेथून परतावे. किनाऱ्यावरील आप्तांनीही भावनेच्या भरात उडी घालू नये. जीवरक्षकांना हाक द्यावी किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. वाचवायला गेलेलाच बुडाल्याची उदाहरणे सर्वच किनाऱ्यांवर आहेत.

लहान मुले बरोबर असतील, तर अरण्यातील सायकलवाटेने लाकानोच्या गोड्या पाण्याच्या सरोवराकडे वळावे. तेथे महासागराच्या लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही. शिडाची नौका चालविण्याची सोयही आहे. तथापि मुलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे तेथेही सुटत नाही.

व्यापारात बाजार उघडण्यापूर्वी भाव पाहिला जातो. लाकानोला वाळूवर पाऊल ठेवताच प्रथम खांबाकडे पाहावे. लाल निशाण असेल, तर त्या दिवशी टेकडीवरून सागरदर्शन घ्यावे. तेही येथे थोडे नाही.