जुना चेनसॉ : वय आणि अवस्था

वापरलेला चेनसॉ विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा यंत्र किती वर्षांचे आहे हा असतो. वास्तविक वयाला निर्णायक महत्त्व आहे ते एकाच बाबतीत, आणि ती बाब इंजिनाची नसून संरक्षक योजनांची आहे. जर्मनीतील स्टिल कंपनीने 1959 मध्ये ‘कॉन्ट्रा’ हे गिअर नसलेले आणि एका माणसाला चालवता येणारे यंत्र बाजारात आणले, आणि आजच्या चेनसॉची ठेवण तेथेच बरीचशी ठरून गेली. तथापि इंजिनाचे हादरे मुठीपर्यंत पोहोचू न देणारी रचना या कंपनीने 1964 मध्ये दिली आणि चेन ब्रेक त्यानंतर, 1972 मध्ये. ज्या पात्याच्या कडेने साखळी धावते त्या गाईड बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की दात अडकून संपूर्ण यंत्र क्षणार्धात वर आणि चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. या उसळीला किकबॅक म्हणतात. अशा वेळी पुढच्या मुठीसमोरची ढाल ढकलली जाऊन क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. ही सोय नसलेले यंत्र कितीही देखणे आणि स्वस्त असले तरी ते संग्राहकाच्या फडताळात शोभणारे आहे, झाडाजवळ नेण्याचे नव्हे. आणि सोय असलेल्या यंत्रातही पट्टा झिजून किंवा तेलकट होऊन निकामी झालेला असू शकतो, म्हणून ब्रेक लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

यापलीकडे यंत्राचे मोल ठरते ते त्याला काय पाजले गेले आणि कसे चालवले गेले यावर, आणि त्याची नोंद पिस्टनवर उमटलेली असते. सायलेन्सरचे दोन-तीन स्क्रू काढले, की धूर बाहेर पडण्याच्या खिडकीतून पिस्टनच्या अंगाचा भाग दिसतो. तेथे घडणीवेळच्या कातकामाच्या खुणा पुसट का होईना शाबूत असतील तर इंजिन निरोगी समजावे. उभे, खोल ओरखडे असतील तर ऑइल कमी पडल्याने किंवा अति तापल्याने पिस्टन कधीतरी सिलिंडरला घासला आहे. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या बिडाच्या सिलिंडरला बोअरिंग करून मोठा पिस्टन बसवण्याचा गॅरेजमधील उपाय येथे चालत नाही, कारण चेनसॉचा सिलिंडर सामान्यतः ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या भिंतीवर क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉनचा पातळ, अतिकठीण मुलामा असतो, आणि तो खरवडला गेला की सिलिंडर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मीटर लावून मोजता येतो. मध्यम आकाराच्या यंत्रात तो 150 पीएसआयच्या आसपास असल्यास समाधानकारक मानतात. मीटर नसेल तर स्टार्टरची दोरी धरून यंत्र लोंबते सोडावे. ते झोके घेत, अडखळत खाली आले तर पिस्टनच्या रिंगा धरून आहेत, सरसर खाली आले तर नाहीत.

विक्रेता यंत्र आधीच तापवून ठेवतो, हे गृहीत धरूनच तपासणी करावी. थंड इंजिन कसे सुरू होते हे पाहावेच, परंतु दहा मिनिटे लाकूड कापल्यावर ते बंद करून लगेच पुन्हा सुरू करणे ही त्याहून कठीण परीक्षा आहे, कारण इलेक्ट्रॉनिक इग्निशनची कॉइल अनेकदा तापल्यावरच ठिणगी देणे थांबवते आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची कॉइल सहज मिळत नाही. त्याहून जुन्या यंत्रांत फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. ही रचना कटकटीची खरी, पण पॉलिश पेपर फिरवून पॉइंट साफ करणे आणि त्यांतील फट सुमारे 0.4 मिलिमीटरवर आणणे कोणाही जाणत्या मेकॅनिकला जमते, त्यामुळे या एका बाबतीत अधिक जुने यंत्र अधिक भरवशाचे ठरते.

सर्वांत फसवे लक्षण आहे ते चढ्या, तल्लख आवाजाचे. कार्बुरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाऊ लागली, की इंजिन हलके होऊन भरभर फिरते आणि ऐकणाऱ्याला ते तरुण वाटते. प्रत्यक्षात पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोहोचत असल्याने त्याचा पिस्टन तापून अडकण्याच्या मार्गावर असतो. ट्रिगर सोडल्यावर वेग रेंगाळत उतरत असेल किंवा यंत्र आडवे करताच फेरे वाढत असतील, तर कुठूनतरी इंजिन हवा घेत आहे असे समजावे. क्रँकचे ऑइल सील किंवा कार्बुरेटरमागची रबरी नळी ही नेहमीची ठिकाणे. हे सुटे भाग स्वस्त आहेत, मात्र ते बदलण्याऐवजी कार्बुरेटरचे स्क्रू फिरवून दोष झाकणारे बरेच आढळतात. योग्य जुळणीत पूर्ण वेगावर, लाकडाबाहेर, आवाज किंचित अडखळता असतो आणि बार लाकडात उतरताच तो मोकळा होतो.

इंधनाचा प्रश्न भारतात अलीकडे अधिक बिकट झाला आहे. जुन्या यंत्रावर 1:25 किंवा 1:16 असे ऑइलचे प्रमाण लिहिलेले दिसते, कारण त्या काळातील ऑइल निकृष्ट होते. आजचे चांगले टू-स्ट्रोक ऑइल 1:40 या प्रमाणात, म्हणजे एका लिटरला 25 मिलिलिटर, पुरेसे होते. अधिक ऑइल म्हणजे अधिक सुरक्षितता ही समजूत चुकीची आहे, कारण ऑइल वाढले की त्याच थेंबातील पेट्रोल घटते आणि जुळणी पुन्हा करावी लागते. पंपांवर सर्रास मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमधील 20 टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल ओलावा शोषते, जुने रबरी पडदे आणि नळ्या फुगवते किंवा कडक करते, आणि स्वतःबरोबर ऑक्सिजन आणत असल्याने पूर्वीची बरोबर असलेली जुळणीही हवेकडे झुकवते. म्हणून जुने यंत्र घेतल्यावर इंधननळी, टाकीतील फिल्टर आणि कार्बुरेटरचा पडद्यांचा संच निमूटपणे बदलावा, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

साखळीबाबत फारसे सांगण्याजोगे नाही. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्मे म्हणजे तिचा पिच. तो, स्प्रॉकेट आणि बार हे तिन्ही एकाच मापाचे हवेत, आणि पिचनुसारच गोल कानस निवडावी. भुसा पडू लागला की दात बोथट झाले, ढलप्या पडत असतील तोवर धार आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या वाड्यांत कोसळलेली माडाची खोडे कापताना साखळी लवकर बोथट होण्याचा दोष यंत्राचा नव्हता. माडाच्या तंतूंत सिलिका असते, शिवाय पडलेल्या खोडाला चिकटलेली वाळू दातांची धार घालवते.

भाव करताना विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचे बंद पडलेले दुसरे यंत्र असल्यास तेही मागून घ्यावे. ज्या कॉइलसाठी किंवा क्लच-ड्रमसाठी शहरभर हिंडूनही दुकानदार मान हलवतो, ती वस्तू बहुधा अशा मोडीतल्या यंत्रातच मिळते, आणि ते यंत्र फारतर किलोच्या भावाने विकले जाणार असते.