डावं की उजवं

पुढच्या चाकात काही बिघडलं की स्टिअरिंग लगेच चुगली करतं. हाताला थरथर जाणवते, गाडी एका अंगाला ओढते. मागच्या चाकाला असा चुगलखोर नाही. त्याचा आवाज डिकीत घुमतो, टपाला लागतो, सीटखालून पुढे सरकतो आणि चालवणाऱ्याच्या कानाशी येईपर्यंत आपण कुठून निघालो हेच विसरलेला असतो.

माझ्या जुन्या गाडीतली घरघर पेणमध्ये ऐकूच येत नव्हती. गणपतीचे दिवस जवळ आलेले. हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांतून निघालेले टेम्पो पेंढ्यावर मूर्ती बसवून जपून चाललेले, आणि त्यांच्यामागे मी. एखाद्या बाप्पाच्या बोटाला तडा जाऊ नये म्हणून ते ड्रायव्हर खड्ड्यात चाक असं उतरवतात की मागच्याने हॉर्न वाजवायची लाज बाळगावी. वडखळला रस्ता मोकळा झाला, काटा चाळिसापुढे गेला आणि मागून जातं फिरू लागलं.

आवाज ऐकत बसण्याआधी नट पाहावेत, हा माझा नियम. सैल नट सावकाश, चाकाच्या फेऱ्यागणिक ठकठकतो, आणि त्याच्याशी खेळ नाही. कडेला थांबून पाना लावला, समोरासमोरचे नट दाबून पाहिले. सगळे घट्ट.

या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासून या वाटेने इतकी रूपं पाहिली की कुठे काँक्रीट, कुठे जुनं डांबर, कुठे तात्पुरतं वळण. एरवी या वाटेबद्दल मी बरं बोलत नाही. पण निदानाला हे ठिगळकाम फार उपयोगी. टायर झिजून गुणगुणत असेल, तर रस्ता बदलला की त्याचा सूरही बदलतो. माझी घरघर काँक्रीटवर जी, तीच डांबरावर. उतारावर गाडी क्षणभर न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, घरघर मात्र थांबली नाही. म्हणजे इंजिन सुटलं, टायर सुटला. संशय उरला चाकाच्या बेअरिंगवर.

नागोठण्याला महामार्ग सोडून रोह्याकडे वळलं की भिसे खिंड लागते. खिंडीतली वळणं म्हणजे फुकटची तपासणी. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, डाव्या वळणावर उजव्या. मी काच वर केली, रेडिओ बंद केला. उजवं वळण: घरघर जाड झाली. डावं वळण: पातळ, जवळजवळ नाहीशी. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा जाड. म्हणजे मागचं डावं. पण कानाचा हा निकाल खालच्या कोर्टाचा. कायम होतो तो हातानेच.

रोह्यातल्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीच गृहीत धरलं नाही. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, मागचं चाक जॅकवर घेतलं आणि खाली घोडा सरकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते गाडीखाली हातही घालत नाहीत. मग एक पंजा चाकाच्या माथ्यावर, दुसरा तळाशी. एक ढकलायचा, दुसरा ओढायचा. टक्. इतका बारीक आवाज, की तो मला ऐकू आला की त्यांच्या मनगटात दिसला, सांगता येणार नाही.

“प्ले आहे,” ते म्हणाले. “पण कुणाचा ते बघू. ब्रेक दाबा, भाऊ.”

या क्षणासाठी मी कितीही वेळ गॅरेजात बसेन. ब्रेक दाबला की आतले लायनर ड्रमला धरतात. ड्रम जखडला जातो आणि बेअरिंगमधल्या सैलपणाला हलायला जागाच उरत नाही. तरीही चाक हललंच, तर दोष एक्सलच्या बुशात किंवा जोडात. मी पाय दाबून धरला. काकांनी हलवलं. टक् नाही. पाय सोडला, टक्. सोडवणूक इतकी साधी, की हजारांचं यंत्र लावून कुणी तीच सांगितली असती तर मी जास्त विश्वास ठेवला असता, याची जराशी गंमत वाटली.

काकांनी मग एका हाताने चाक गरकन फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवली. मलाही टेकवायला लावली. पोलादातून वाळू चालल्यासारखी खरखर बोटांत आली. उजव्या बाजूच्या स्प्रिंगवर तसलं काही नव्हतं.

ड्रम उघडला तेव्हा ग्रीस दुधाळ झालेलं होतं. पाणी शिरलं होतं. आंबा आणि कुंडलिकेच्या मधल्या मुलखात पावसाळ्यात चाकं अर्धी बुडवून गाडी काढावी लागते, सील जरा जुनं झालं की पाणी वाट शोधतंच. काकांनी बेअरिंग धुऊन दाखवलं: गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे. महामार्गाची छोटी प्रत, असं मी म्हणणार होतो, पण ते नवं बेअरिंग ठोकण्यात गुंतले होते. सीलही नवं घातलं.

ट्रायलला ते शेजारी बसले. कोलाडच्या दिशेने साठपर्यंत नेली. घरघर गेली होती. आणि तिच्याखाली इतके दिवस दबलेले आवाज एकेक करून वर आले: डॅशबोर्डची किरकिर, मागच्या पट्ट्याचं बक्कल, आणखी काहीतरी धातूचं, खडखडणारं. मी कान टवकारून विचारलं, “हे डावं की उजवं?”

“हा डिकीतला जॅक,” काका म्हणाले. “कापडात गुंडाळा.”